ताईचा बायोडाटा

माझ्या थोरल्या बहिणीला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिला अजून स्थळं येतात. हे ऐकल्यावर हसावं की गप्प बसावं, ते लोकांना कळत नाही. मी दोन्हीची मुभा देते.

बायोडाटा मामानं बनवला होता. नव्या जालन्यातल्या स्टुडिओत काढलेला मोरपंखी साडीतला फोटो, वर गणपती, खाली जन्मतारीख, रास, उंची, बी.एस्सी., मामाचं कुळ, 'अपेक्षा : नोकरीवाला व निर्व्यसनी', आणि तळाला आईचा मोबाइल नंबर, कारण वडील शेतात फोन नेत नाहीत. मामा तेव्हा वधू-वरांच्या ढीगभर ग्रुपांत होता. केदारखेड्याला आमच्या ओसरीवर बसून त्यानं एका अंगठ्यानं तो सगळीकडे सोडला आणि चहा मागितला. पूर्वी असला कागद मध्यस्थाच्या खिशातून चार घरी जायचा, चुरगळायचा, संपायचा. हा संपेना.

तरी ग्रुपांना नुसत्या शिव्या देणं मला जमत नाही. ताईला डेंग्यू झाला आणि प्लेटलेट भराभर उतरायला लागल्या, तेव्हा मामानं त्याच ग्रुपांवर तिचा रक्तगट टाकला. भोकरदनहून, राजूरहून अनोळखी पोरं मोटारसायकलींवर जालन्याच्या दवाखान्यात आली आणि बाह्या वर करून बसली. एकानंही आमचा चहा घेतला नाही. ताई वाचली नाही, पण त्यात त्यांचा काय दोष. ते चेहरे आठवले की फोन फेकून द्यायला माझा हात उचलत नाही.

तेरावं झाल्यावर पहिला फोन आला. "मुलीचं जमलं का कुठं?" आई म्हणाली, "पोरगी वारली आमची." पलीकडचा माणूस इतका वरमला की आईलाच त्याची समजूत घालावी लागली. मग असे फोन येतच राहिले. मामाला वाईट वाटलं. त्यानं सगळ्या ग्रुपांवर लिहिलं की सदर मुलीचं निधन झालं आहे, कृपया बायोडाटा पुढे पाठवू नये. आणि सदर मुलगी कोणती, ते कळावं म्हणून खाली पुन्हा बायोडाटा जोडला. काहींनी हात जोडले, काहींनी श्रद्धांजली वाहिली, आणि बाकीच्यांनी वरचा मजकूर सोडून फोटो तेवढा पुढे पाठवला. जिथं तो गेला नव्हता, तिथंही पोचला.

ताई गेली, पण तिचं वय थांबलं नाही. जन्मतारीख फोटोखालीच होती, लोक हिशोब करायचे. आधी नोकरीवाल्या पोरांचे बाप फोन करायचे. मग 'मुलाचं जरा वय झालंय' म्हणणारे आले. पुढे घटस्फोटित, आणि आता बिजवर. आई एकदा फोन आपटून मला म्हणाली, "माझ्या पोरीला बिजवर? काय समजून राह्यले हे लोक?" तिला खरंच राग आला होता. मी तिच्याकडे बघत राहिले. कारण ताईसाठी एवढं तावातावानं बोलताना मी तिला कितीतरी दिवसांनी बघत होते.

माझा बायोडाटा मी होऊ दिला नाही. मामा म्हणतो, "ग्रुपबगर सोयरीक जुळती काय आता? बिलकुल न्हाई." मी नव्या जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात काम करते. माझा फोटो कुठंच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा ज्वारीचं कणीस आहे. नातेवाईक मला घमेंडी म्हणतात, म्हणोत. आपण मेल्यावर आपल्या तोंडाची विचारपूस अनोळखी लोकांनी करावी, हे मला नको होतं.

मागच्या चतुर्थीनंतरच्या रविवारी आईनं मला गावी बोलावून घेतलं आणि साडी नेसायला लावली. का, ते सांगितलं नाही. दुपारी एक बाई आणि तिचा भाऊ आले. भाऊ शाळेत मास्तर, कानाजवळ केस पिकलेले, पहिली बायको वारलेली. बाई म्हणाली, "राजूरच्या गणपतीला आल्तो. म्हनलं, फोनवर बोलणं झालंय, मुलगी बी पाहून घ्यावी." वडील उठून गोठ्याकडे गेले. आई नाश्त्याला भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला परतून तयार होती. म्हणजे या फोनवर ती 'वारली' म्हणाली नव्हती, 'या' म्हणाली होती.

"ताई, पाव्हण्यायला पाणी आण," आईनं हाक मारली.

आमच्या घरात ताई एकच होती. मी तांब्या घेऊन दारात थबकले. बाईनं फोन काढला, फोटो माझ्या तोंडाशी लावून पाहिला आणि म्हणाली, "बराबर अशीच हाये." माझा फोटो मी कुठंच टाकला नव्हता, तरी माझा चेहरा इतकी वर्षं गावोगाव फिरत होता. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"बी.एस्सी. कुठून केलं, बाई?" तिनं मला विचारलं.

मी बी.कॉम. आहे. मी आईकडे पाहिलं. ती पदर सावरून पुढं सरकून बसली होती, उत्तराची वाट बघत, आणि खूश होती. दवाखान्यानंतर तिचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. मला भीती वाटली आणि मी म्हणाले, "जालन्यातून." बाई उंची वाचायला लागली, तेव्हा मी खांदे पाडले, कारण ताई माझ्याहून बुटकी होती. आईनं मास्तरला पगार, जमीन, व्यसन, सगळं विचारलं. मास्तर भला माणूस होता. सुशीला छान झालाय म्हणाला आणि जाताना आईच्या पाया पडला.

आई वेडी झालेली नाही, हे मी मुद्दाम सांगते. संध्याकाळी तिनं डेअरीचं दूध बरोबर मोजून दिलं, शेजारणीशी पाण्यावरून भांडून आली. मग फोन वाजला. मुलगी पसंत होती. आईनं फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे वळली.

"काय सांगू, ताई? तुला आवडला का?"

तिला काय हवं होतं, मला कळेना. मी ताई नाही, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते निघाले नाहीत.

"नाही," मी म्हणाले.

"पोरगी न्हाई म्हणती," आईनं फोनवर सांगितलं. मग तिनं फोन ठेवला आणि माझ्या केसांवरून हात फिरवला.

"मंग न्हाई द्यायचं. तू काळजी करू नको, अजून लई येतील."