रशीदचाचांची जीप आणि तुंगार्लीचं प्रदर्शन

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सहल ठरते तेव्हा दहा जण हात वर करतात आणि निघायच्या दिवशी तीन उरतात. कुणाच्या घरी पाहुणे येतात, कुणाचा घसा धरतो. यात नवीन काही नाही. यावेळी मात्र त्या सात रिकाम्या जागा आम्हाला चांगल्याच नडल्या, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

लोणावळ्याला तुंगार्लीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. जायचं होतं ते नसरीनसाठी. नसरीन आमच्या शाळेत गणित शिकवते. तिचे वडील रशीदचाचा बेडशाला राहतात आणि त्यांनी आयुष्यभर कामशेत ते पवनानगर वडाप केलं, म्हणजे जीपमध्ये माणसं भरायची आणि गावोगाव उतरवायची. आता धंदा बंद आहे, पण जीप आहे. तिचं आरटीओचं पासिंग महिनाअखेरीस संपणार होतं आणि पुन्हा होण्यासारखी तिची अवस्था नव्हती. मग भंगार. नसरीनला ते सहन होत नव्हतं. खोपोलीच्या एका हौशी गृहस्थांशी ती फोनवर बोलली होती. प्रदर्शनात गाडी बघतो, आवडली तर घेऊन जपून ठेवतो, असं ते म्हणाले होते. अट एकच, शनिवारी सकाळी दहाच्या आत गाडी मैदानात लागलेली हवी. दहानंतर फाटक बंद.

वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते मला आवडतं. वराळ्याहून साडेसहाला निघायचं, कामशेतला नाश्ता, आठला बेडसे, साडेनऊला तुंगार्ली. अर्धा तास हातात ठेवला होता. स्वतःवर खूश होते मी.

सकाळी मी, समीर (माझा नवरा, जो माझ्या वेळापत्रकांना ‘सरकारी परिपत्रक’ म्हणतो) आणि नसरीन रिक्षाने तळेगावला आलो आणि तिथून एसटीने कामशेतला. तुम्ही स्वतःची गाडी नेणार असाल तर जुन्या हायवेने सरळ कामशेत, तिथून डावीकडे पवनानगरचा रस्ता. रस्ता एकंदरीत बरा आहे, गावांपाशी स्पीडब्रेकर मात्र न सांगता येतात. कामशेतला स्टँडजवळ मिसळ खाल्ली. थंडी मरणाची होती आणि रस्सा कढत होता, त्यामुळे चवीबद्दल माझं मत धरू नका. तिथून बेडशाच्या फाट्यापर्यंत सहा आसनी रिक्षा मिळते. ज्यांना बेडशाची लेणी बघायची आहेत त्यांनी पाणी बरोबर घ्यावं आणि पायऱ्या ऊन चढण्याआधी चढाव्यात. आम्हाला ती खालूनच दिसली.

चाचा जीप पुसून तयार होते. पांढरा सदरा, मफलर, डोळ्यांत सुरमा. आम्हाला तिघांना बघून त्यांनी आमच्या मागे पाहिलं.

“बाकीची कुटं हायत? धा माणसं सांगितलती.”

बाकीचे आले नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. जेवायला बोलावलेले पाहुणे न आल्यावर पडतो तसा. तरी त्यांनी गाडी काढली.

गाव सोडलं आणि वळणावर दोन बायका पावट्याच्या शेंगांच्या पाट्या घेऊन उभ्या दिसल्या. गाडी थांबली. समीर उतरून पाट्या चढवू लागला. त्याला हे सगळं फार आवडत होतं. पुढे एक शाळामास्तर, मग काठी टेकत आलेले एक आजोबा. वडापवाल्यांच्या भाषेत प्रवासी म्हणजे ‘शीट’, आणि शीट रस्त्यात सोडून जाणं चाचांना जमेना. भाडं कुणाकडून घेत नव्हते, नुसते थांबत होते. कामशेतच्या बाजारात बायका उतरल्या तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. मी मनातल्या मनात गणित केलं. अजून जमत होतं.

हायवेला लागल्यावर मी जरा सैल झाले. गाडी चाळीसच्या पुढे जात नव्हती, तरी जमत होतं. पण पुढे चार बायका हात करून उभ्या होत्या. कार्ल्याला एका लग्नाच्या स्वयंपाकाला निघाल्या होत्या आणि त्यांचा टेम्पो आलाच नव्हता. चाचांनी गाडी बाजूला घ्यायला सुरुवात केली तशी मी पुढे वाकले आणि म्हणाले, चाचा, आज नको. नसरीननेही वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

चाचांनी आरशातून आमच्याकडे पाहिलं. रागावले नव्हते.

“जागा रिकामी हाय आन् माणूस उभं हाय. आसं पुडं न्हेली तर ही गाडी कशाची, ताई?”

मी मागे टेकले. बायका चढल्या. त्यांच्या मोठ्या पातेल्यांना जागा करता करता दहा मिनिटं गेली आणि कार्ल्याला कार्यालयाच्या दारापर्यंत सोडण्यात आणखी पंधरा. आम्ही तुंगार्लीला पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते.

फाटक बंद. प्रदर्शनवाल्यांपैकी एक जण बाहेर आला, फार सभ्यपणे बोलला, पण यादी झाली आहे म्हणाला. नसरीनने विनवलं, मी विनवलं, समीरने विनोद करून पाहिला. शेवटी जीप बाहेर कंपाउंडला टेकून उभी केली आणि आम्ही शंभर शंभर रुपयांची तिकिटं काढून आत गेलो. मला त्या वेळी चाचांचा खराखुरा राग आला होता. इथे लिहायला लाज वाटते, पण आला होता.

प्रदर्शन छान होतं, खोटं कशाला बोला. टपाला चामडं लावलेल्या गाड्या, भोपळ्याएवढे दिवे, फेटे बांधून फोटो काढणारी मंडळी. चाचा प्रत्येक गाडीपाशी थांबत होते. एका चकचकीत काळ्या गाडीच्या मालकांना त्यांनी विचारलं, ही घाट चढते का. मालक म्हणाले, छे हो, ट्रकवर घालून आणली. चाचांनी समजुतीने मान हलवली आणि पुढे गेले.

जेवणाच्या सुमाराला खोपोलीचे गृहस्थ भेटले. जीप बाहेर आहे हे त्यांनी अजिबात मनावर घेतलं नाही, स्वतः बघायला आले. माणूस खरंच भला होता. गाडीखाली वाकून बघितलं. चाचांनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. नसरीनने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. गृहस्थ म्हणाले, शेड आहे, वर कव्हर घालीन, रंग देईन. रस्त्यावर नेता येणार नाही, पण बंगल्याच्या आवारात आम्ही दोघं नवराबायको फिरवू कधीतरी.

“दोगंच?” चाचांनी विचारलं.

“दोघंच असतो आम्ही.”

चाचांनी इंजिन बंद केलं. गृहस्थांचा हात हातात घेऊन म्हणाले, तुमी माणूस लय चांगलं, पण मला न्हाई जमायचं. गृहस्थ बिचारे गोंधळले, नमस्कार करून गेले. नसरीनचे डोळे भरून आले.

“अब्बा, अहो भंगारात जाईल ती.”

“जाऊ दे की. कामावरनं जाईल.”

दुपारी चाचा परत निघाले. लोणावळ्याहून कामशेतकडे जाणारी माणसं त्या वेळी रस्त्यावर असतात, म्हणाले. नसरीन त्यांच्याबरोबर गेली नाही, आमच्यासोबत राहिली. तुंगार्लीत घरगुती खोल्या मिळतात, शनिवार-रविवारी भाव चढतो, आधी फोन करून घासाघीस करा. आमची खोली साधी होती, पण गरम पाणी भरपूर.

रविवारी सकाळी तलावावर फिरायला गेलो. पाण्यावर धुकं होतं. चहाच्या टपरीवर बसल्यावर नसरीन आपणहून म्हणाली, “लहानपणी मी रोज त्या जीपने शाळेत गेले, पण बसायला जागा कधी मिळाली नाही. शीट आली की अब्बा मला उठवायचे. मला त्या गाडीचा राग होता गं. मग आता मी कशासाठी पळत होते?” समीरने तिच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. दुपारच्या लोकलने आम्ही तळेगावला उतरलो.

घरी आल्यावर मी माझं वेळापत्रक पुन्हा पाहिलं. कुठेच चूक नव्हती. दहा जण खरंच गेलो असतो तर गाडी कुठे थांबली नसती, वेळेत पोचली असती, आणि जीप कदाचित आज खोपोलीला कव्हराखाली असती. हा विचार मला बरेच दिवस टोचत होता. मी तो नसरीनला बोलूनही दाखवला. ती म्हणाली, अब्बांनी तरीही दोघंच का, असं विचारलं असतं.

महिनाअखेरीस जीप गेली. भंगाराचं दुकान वडगावच्या पुढे आहे. टेम्पो पाठवतो म्हणणाऱ्या दुकानदाराला चाचांनी नको सांगितलं आणि स्वतः चालवत नेली. नसरीनने शाळेतून रजा घेतली होती. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा उघडताना तिने सांगितलं की बेडशापासून वडगावपर्यंत गाडी गच्च भरलेली होती. तळेगावला जाणारे दोघं तर पार दुकानाच्या दारात उतरले आणि पुढे चालत गेले. त्यातल्या निम्म्या लोकांना मागच्या पायरीवर उभं राहून हाक तिने स्वतः मारली होती.