लाडवांच्या डब्याचं सील

बावीस वर्षांच्या मुलीला मी जवानाचा चार्ट दिला. चूक माझीच. सैन्यात मी पीटी उस्ताद होतो. मला जे येत नव्हतं, तेही शिट्टी वाजवून शिकवायचो.

माझा दोस्त नाईक विलास बर्फातल्या पोस्टवर होता, मी खाली बेसवर. रेडिओ सेटवरचं शेवटचं बोलणं एवढंच:

"उस्ताद, राशन संपत आलंय. भूक लागते. ओव्हर."

"सहन कर. आउट."

त्याच दुपारी पोस्टवर हिमकडा कोसळला, विलास गेला. ते बोलणं मी पुढे सुनंदावहिनींना, त्याच्या बायकोला, सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत.

रिटायर होऊन रत्नागिरीजवळ आमच्या गावी आलो, तोवर पोट सुटून माझ्या पट्ट्याला टोकाकडे दोन जादा भोकं पाडावी लागली होती. विलासची मुलगी कविता सैन्यभरतीची तयारी करत होती. वयाच्या अटीमुळे शेवटची संधी, वजन सहा किलो जास्त, हातात दोन महिने.

"मी आहे ना," म्हटलं.

पहाटे साडेपाचला गावावरच्या कातळपठारावर, सड्यावर, फॉल इन. दोघांना एकच चार्ट: आठ किलोमीटर धावणं, दिवसाला तीन भाकऱ्या, भात बंद.

महिन्याने माझे पाच किलो उतरले, तिचा एक. म्हणजे पोरगी चोरून खाते! पलटणीच्या स्वयंपाकघराच्या, लंगरच्या, स्टोअरला लावतात तसं वहिनींच्या डिंकाच्या लाडवांच्या डब्याला कागदी सील लावलं, वर ऐटीत सही केली. तिची एक भाकरीही कापली.

"काका, चक्कर येते ओ."

"सहन कर."

सातव्या आठवड्यात, सहा वाजून दहा मिनिटांनी, ती कातळावर पाय धरून बसली. मी शिट्टी वाजवली. ती उठली नाही.

नडगीच्या हाडाला चीर. पाळीही बंद झालेली. ते ती मला कुठून सांगणार? डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुरुषाचे स्नायू जास्त, बसल्या जागीही जास्त जळतं. तुमचं वजन भराभर उतरणारच. हिला उपाशी धावडवलंत, तर शरीर काटकसरीला लागलं. आधी पाळी थांबली, मग हाड गेलं. पोटभर जेवण आणि थोडा ताकदीचा व्यायाम हवा होता. चार्ट कोणाचा?"

मी सावधानमध्ये उभा राहिलो.

भरती गेली. घरी विलासच्या युनिफॉर्ममधल्या फोटोखाली वहिनींनी डबा माझ्यापुढे ठेवला. सील शाबूत, सही शाबूत.

"तेव्हा रेडिओवर नीट ऐकू आलं नसेल, म्हणून मी काय बोलले नाय, भावजी. पोरगी तर तुमच्या पुढ्यात बसून सांगत होती."