ओढायचं असतं, फुंकायचं नसतं

गळ्यात तारेचा सांगाडा अडकवायचा, त्यात बसवलेला माउथ ऑर्गन ओठांशी आणायचा, गिटार पोटावर घ्यायची आणि समोरच्याला बजावायचं, "ब्लूज ओढायचं असतं, फुंकायचं नसतं." एवढं सांगून हे गृहस्थ जिवाच्या आकांताने फुंकायचे.

कोपरगावकडे आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत ते माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. टाइम ऑफिसात हेडक्लार्क. पन्नाशी उलटेपर्यंत माणूस निरुपद्रवी होता. गिटारीवर तीन कॉर्ड जेमतेम धरायचा, त्याही दार लावून. मग पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलीने पहिल्या पगारातून त्यांना माउथ ऑर्गन आणून दिला आणि कॉलनीची झोप गेली.

मोबाईलवर कुणी गोरा मास्तर शिकवायचा. त्याचं ऐकून हे आम्हाला शिकवत. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कापूस वेचणाऱ्यांचं दुःखाचं गाणं. त्याचा खरा सूर श्वास आत ओढला की लागतो, आणि ओढता ओढता तो वाकवायचा. "मग बिडी ओढा की," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो कापूस मीच.

दोन वाद्यं एकदम वाजवायची हौस, पण तोंड चाललं की हात थांबायचा आणि हात चालला की तोंड उघडंच राहायचं. कॉलनीमागच्या उसात एक बिबट्या असायचा. वनखात्याने पिंजरा लावला, आत बकरी बांधली, तो काही फिरकेना. यांनी ओट्यावर सराव सुरू केला तशी बिबट्या आपणहून पिंजऱ्यात शिरला आणि आतून दार ओढून बसला. बकरी त्याला चिकटून बसली होती, म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

ऊसवाल्यांच्या बैलगाड्या समोरूनच जायच्या. एकदा गाडीवान खाली उतरून हात जोडून म्हणाला, "सायेब, तेवढं तोंडाचं मुसकं सोडा. मळनी लागली वाटून बैल हितंच गोल फिरायला लागल्यात."

मळणीच्या बैलाला दाणे खाऊ नयेत म्हणून बांधतात ते मुसकं. त्या सांगाड्याला तेच नाव पडलं. साहेबांना कळलं, पण फरक शून्य. बायको म्हणायची, "अहो, कुकरची शिट्टी तरी ऐकू येऊ द्या." हे डोळे मिटून फुंकत.

मग मुलीचं लग्न ठरलं. तिने एकच मागितलं, "पप्पा, मी निघताना वाजवा. पण ओढून." सगळ्या कॉलनीत यांना मन लावून ऐकणारी ती एकटीच, तिच्यापुढे तो सूर लागला नाही तर संपलंच, असं ते मला दोनदा म्हणाले. महिनाभर माणूस फुंकून फुंकून वाळला. मी आपली सोय केली. बँडवाल्याला सांगून ठेवलं, मी हात केला की दणकून ढोल लाव, लग्नाची अब्रू वाचव.

पाठवणीला मुलगी पाया पडली आणि उभी राहिली. यांनी फेट्यावरून मुसकं चढवलं. पहिली कॉर्ड धरली आणि फुंकलं. तेच, गळक्या पंपासारखं. पाहुणे हसले. मी हात वर केला.

"पप्पा," ती म्हणाली, "ओढा ना."

त्यांना हुंदका आला. हुंदका फुंकता येत नाही, तो आतच जातो. तोंडाशी मुसकं, त्यामुळे गेला तो त्या भोकांतूनच गेला. सूर निघाला, मध्येच वाकला, खाली खाली गेला आणि तिथंच थरथरत राहिला. गिटारीवरचा हात अर्थातच थांबला होता. मी बँडवाल्याला पुन्हा हात केला, थांब म्हणून. त्याने टिपरू वर उचललं होतं, ते तसंच वर राहिलं. मुलगी ऐकून घेऊन मगच गाडीत बसली.

चुकून लागला तो सूर, हे मी आजही ठासून सांगतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी ते ओट्यावर बसत, तेच वाक्य म्हणत आणि फुंकत. पुन्हा एकदाही लागला नाही. लागला असता तर मला कळलं असतं. मी भिंतीपाशीच बसलेला असायचो.

गेल्या साली ते खर्ड्याकडे आपल्या गावी गेले. जाताना मुसकं गळ्यातच होतं. आता भिंतीपलीकडे सामसूम असते. शिफ्टचा भोंगा होतो तेवढाच. त्याचं काय कौतुक, तो नुसता फुंकतो.