जळलेल्या खाजणातले पेले

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बॉस्को मासेमारीच्या बोटीवर जात नव्हता. पालीतल्या घरात बसून तो कंटाळला होता आणि त्याला पाहून त्याची बायको बर्नडेट. त्यामुळे खाडीकाठच्या खाजणातल्या, म्हणजे खाऱ्या दलदलीतल्या, किड्यांचा अभ्यास करणाऱ्या संजनाला दर शनिवारी मदतीला माणूस हवाय हे कळताच बर्नडेटनेच त्याचं नाव सांगून टाकलं.

काम सोपं होतं. भरतीचं पाणी चढत नाही अशा जागी संजनाने प्लास्टिकचे पेले जमिनीशी सपाट पुरले होते. दहा पेले फेब्रुवारीत आग लागून गेलेल्या गवतात, दहा विजेच्या तारांसाठी मशीनने साफ केलेल्या पट्टीत आणि दहा हात न लागलेल्या लव्हाळ्यात. पेल्यात साबणाचं पाणी. चालता चालता किडा आत पडायचा. आठवड्याने पेला त्याच्या नंबरच्या डबीत ओतायचा, एवढंच.

"थंड देशांतल्या दलदलींतपण लोक असेच पेले पुरतात, अंकल. तिथे आग लागली की महिने महिने जळते," संजना म्हणाली होती.

"दलदल कशी जळंल?"

"तिथली माती म्हणजे कुजलेलं शेवाळ. आतल्या आत धुमसत राहते."

बॉस्कोला ते पटलं नाही, पण त्याने मान डोलावली.

गल्लीत जाळं शिवत बसलेला जॉय त्याला डब्या घेऊन येताना बघायचा. "काय अंकल, आज मुंग्या तळून का कालवणात?"

"तुज्या घरी पाठवतो ना," बॉस्को म्हणायचा आणि पाय ओढत पुढे जायचा.

लव्हाळ्यातल्या पेल्यांत भुंगेरे, कोळी, नाकतोडे गच्च असत. साफ पट्टीत निम्मेही नसत. जळलेल्या भागात राखेतून चालताना दम लागायचा, आणि मोठ्या कष्टाने गुडघा टेकून पाहावं तर पेल्यात नुसतं पाणी. पहिले दोन शनिवार त्याने रिकाम्या डब्या तशाच दिल्या. संजनाने त्या पिशवीत ठेवल्या, पण तिचा चेहरा उतरलेला त्याला दिसला. निदान त्याला तसं वाटलं.

त्याच्या उमेदीत, ज्याच्या जाळ्यात काहीच आलं नाही त्याच्या टोपलीत शेजारची बोट दोन ओंजळी मासळी टाकायची. न विचारता. आणि नंतर कुणी ते बोलून दाखवायचं नाही. तिसऱ्या शनिवारी बॉस्कोने भरलेल्या डब्यांतले थोडे थोडे किडे रिकाम्या डब्यांत टाकले. पुढचे पाच आठवडे तो तेच करत राहिला.

एप्रिलअखेर संजना वही घेऊन घरी आली. ओट्यावर बसायच्या आधीच बोलू लागली. "अंकल, जळलेल्या भागात सगळं परत आलंय! आमचे सर म्हणतायत, लिहून टाक, आगीने खाजणाचं फार काही बिघडत नाही."

बॉस्कोने बर्नडेटकडे पाहिलं. ती चहा ओतत होती.

"असा न्हाय लिवू, बाय," तो म्हणाला.

"का?"

"ते किडे लव्हाळ्यातले हायत. मी टाकले."

ती हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली. "पण का टाकलेत?"

"तुजी डबी रिकामी होती ना."

"अहो, रिकामी डबी हेच तर मला हवं होतं!"

"चहा घे, बाय," बर्नडेट म्हणाली. कुणी कपाला हात लावला नाही. संजनाने त्याला एकेक आठवडा विचारला. पहिले दोन खरे होते. उरलेल्या सहा पानांवर तिने आडव्या रेघा मारल्या. लव्हाळ्याचे आकडेसुद्धा गेले.

"परत मोजू ना," बॉस्को म्हणाला.

"आता मोजलं तर मेचं कळेल, अंकल. आगीनंतर लगेच तिथे काय जगलं, ते आता कुणालाच कळणार नाही."

पुढच्या शनिवारी तिने त्याला बोलावलं, हे बर्नडेटला मोठं वाटलं. बॉस्कोला लव्हाळ्याच्या आणि पट्टीच्या डब्या मिळाल्या. जळलेल्या भागाच्या दहा डब्या संजनाने स्वतःच्या पिशवीत ठेवल्या. आपलं काम उरकून तो बांधावर टेकला. पलीकडे ती राखेत गुडघे टेकून एकेक पेला ओतत होती, आणि तो हाक न मारता तिची वाट बघत होता.