मनकर्णाबाईंनी नको म्हटलेलं झाड

तिवशाजवळच्या मनकर्णाबाईंकडून झाड विकत घेणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं आहे. अंगण केवढं, ऊन किती वेळ, पाणी कोण घालणार, सगळी चौकशी होते. स्वतःच्या हातांनी कलमं बांधणारी ही बाई हातात पैसे ठेवले तरी झाड देईलच असं नाही.

तीन वर्षांपूर्वी माझीही उलटतपासणी झाली. राजापेठेतलं आमचं अंगण दोन खाटांएवढं.

"लिंबू न्या, पेरू न्या," त्या म्हणाल्या. "सीताफळ तं तुमी विसरून गेल्या तरी येते. संत्रा नका नेऊ मॅडम. त्याले रोज पाहा लागते."

पण मला संत्राच हवा होता. आई गेल्यावर बाबांना मीच गाव सोडायला लावलं होतं. चाळीस वर्षं संत्र्याची बाग केलेला माणूस पेरूला पाणी घालत बसेल?

"पाहायले माझे बाबा आहेत," मी ठणकावलं. बाईंनी नाइलाजाने कलम दिलं.

झाड पुरुषभर वाढलं. फळ मात्र एक नाही, आणि काटे असे की वाळत घातलेली साडी टर्रकन फाटली. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "दम धर, येते." या मार्चात शेजारच्या खुशालरावांनी एक पान चुरगाळून हुंगलं आणि ते हसले. "हा कायचा संत्रा? ही तं जंबेरी हाय." जंबेरी म्हणजे ते रानटी लिंबू, ज्याच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी आम्हाला चक्क फसवलं होतं! मी फोनवर नको नको ते बोलले. त्या दुपारच्या एसटीनेच आल्या.

आल्या तशा झाडाशी उकिडव्या बसल्या. बुंध्यापाशी वीतभर उंचीवर कापल्याचा जुना वण होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग बाबांकडे पाहून म्हणाल्या, "काकाजी, या फांदीवर मुंग्या दिसून राहिल्या का तुमाले?"

"हो, दिसतात ना," बाबा म्हणाले.

मला एकही मुंगी दिसत नव्हती. पण रागाच्या भरात मी तिकडे लक्षच दिलं नाही.

मनकर्णाबाई उठल्या. "चूक माही हाय, मॅडम. कलमच मेलेलं दिलं म्या. दुसरं देतो."

"दुसरं कशाला? आमच्या भिशीच्या साऱ्या बायकांना सांगते आता. पाहू कोण घेते तुमच्याकडून झाड!"

त्यांचा चेहरा उतरला. मी खरंच मोबाइल काढला.

"थांब!" बाबा खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "तिचं नाव खराब करू नको. कलम जिवंत होतं. त्याले दोन फुटी आल्या होत्या, एक बारीक, एक जोमदार. म्या जोमदार ठेवली अन् बारीक कापली. बारीक होती तेच संत्र्याची, जोमदार ते खालच्या खुंटाची."

"बाबा, तुम्ही? तुम्हाला नाही कळलं?"

"हाताले लागली ते जाड फूट ठेवली. कोणती कुठून निघाली, दिसलंच नाई मले." ते थांबले. "दोन वर्षं झाले, रागिणी. सारं धुरकट दिसते. तुले सांगतलं असतं तं तू मले घरात बसवून ठेवलं असतं."

मनकर्णाबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना हळूच खाली बसवलं. "डॉक्टरले दाखवा पहिले," त्या मला म्हणाल्या. "झाडाचं मंग पाहू."

रोज सकाळी दुधाच्या पिशवीसाठी मी बाबांना राजापेठेचा तो मोठा रस्ता ओलांडायला लावत होते. परवाच, यायला उशीर झाला म्हणून त्यांच्यावर खेकसलेही होते.