प्रतिसाद नाही

आश्रमातली म्हातारी माणसं तिला पाठीमागे फौजदारीण म्हणायची आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. नर्सच्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती, त्यातली अकरा इथे. आवाज असा, की औषध नको म्हणणारा माणूस आधी गोळी गिळायचा आणि मग नको म्हणायचा. तिचा नवरा म्हणायचा, "तू हळू बोललीस की मी ओळखतो, काहीतरी नक्की बिनसलंय."

साथ आली आणि तिचं घर सुटलं. चादरी ठेवायच्या खोलीत गादी टाकून ती झोपत होती. चार नर्सपैकी दोघी आजारी पडल्या. उरल्या ही आणि धाकटी सिस्टर, आणि सांभाळायची माणसं सत्तेचाळीस. महिन्याभरात त्यातली सहा गेली. नातेवाइकांना फाटकाच्या आत यायची बंदी, त्यामुळे सहाही जणांचा हात शेवटी हिच्याच हातात होता. धाकटीला ती बजावून सांगायची, "जाणाऱ्याचे कान सगळ्यात शेवटी जातात. डोळे मिटले तरी बोलत राहायचं, मध्येच गप्प बसायचं नाही."

मागच्या खिडकीजवळच्या खाटेवर मागवाले आजोबा होते. जन्मभर यंत्रमागावर कापड विणलेला माणूस. पोटातला आजार जुना होता, पण साथीआधी ते गप्पांना कधी कमी पडले नव्हते. मग काय झालं कोण जाणे, अचानक मिटले. काही विचारलं तर नुसते बघत राहायचे. जेवण तुटलं, आजार बळावला. डॉक्टर येत नव्हते, फोनवरूनच म्हणाले, आता थोडेच दिवस. ती फाइलमध्ये रोज लिहायची, 'गोंधळलेले. प्रतिसाद नाही.' असे वीस दिवस झाले. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची आणि ही रोज तेच सांगायची, "ताई, ते आता कुणाला ओळखत नाहीत." एकदा तर कामाच्या रगाड्यात ती त्यांच्यावर खेकसलीही होती, "आजोबा, मिठाची गुळणी धरलीय का तोंडात?"

एकविसाव्या दिवशी तिने व्यवस्थापकांकडे हातमोजे मागितले होते. हातमोजे आले नाहीत, भिंतीवर लावायला एक मोठा कागद आला. त्यावर छापलं होतं, 'नेहमी हसतमुख राहा.' तिचं डोकंच फिरलं. ती मागच्या अंगणातल्या नळाशी गेली, अंगावरचा झगा काढला, मास्क हनुवटीखाली ओढला, घटाघटा पाणी प्यायली आणि स्वतःशीच पुटपुटली, "तोंडाला फडकं बांधून हसू म्हणे. दिसणार कुणाला, याच्या मेलेल्या आज्याला?"

खिडकीच्या आत मागवाले आजोबा हसत होते. साथ म्हणून खिडकी स्क्रू मारून बंद केलेली, आणि ती तर पुटपुटली होती.

"आज्याला कशाला मध्ये आणतेस," ते आतून मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले. काचेतून ते जेमतेम ऐकू आलं. "तो बिचारा काय करणार?"

ती काचेला नाक लावून उभी राहिली. मग एकेक गोष्ट कळली. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान पहिल्या दहा वर्षांतच गेले होते. शेडमध्ये सगळेच कामगार ओठांवरून बोलणं ओळखायचे. आश्रमात त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, कारण बहिरा म्हटलं की लोक वेड्यात काढतात. आणि त्यांचं काही अडतही नव्हतं, सगळ्यांनी तोंडं झाकेपर्यंत.

"मला वाटलं, तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकलं," ते म्हणाले. "मुलगी पण येत नाही. गेली का ती? खरं सांग, मी ऐकून घेईन."

"जिवंत आहे," ती ओठ नीट हलवत म्हणाली. "धडधाकट आहे. रोज फोन करते. आम्हीच आत येऊ देत नाही."

त्यांनी तीनदा तेच वदवून घेतलं. ती आत आली तेव्हा तिला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. शेवटपर्यंत कान राहतात म्हणून धाकटीला धडे द्यायचे, आणि या माणसाचे कान ती तिथे येण्याच्या कितीतरी आधीच गेलेले. डोळे उघडे आहेत तोवरच याच्याशी बोलता येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कळा वाढल्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, इंजेक्शन सुरू करा, झोप लागेल, त्यातून बहुधा जागे व्हायचे नाहीत. तिने आधी मुलीला फोन केला. बापाच्या कानांचं आश्रमाला ठाऊक असेलच, असं मुलगी इतके दिवस धरून चालली होती. ही तिला निघा म्हणाली, आणि मग व्यवस्थापकांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अंगणात उभी राहील," ती म्हणाली. "मध्ये काच आहे. आत पाऊलही टाकणार नाही."

"सिस्टर, आज एकीला सोडलं तर उद्या चाळीस येतील."

"येऊ देत. चाळीस खिडक्या आहेत."

"समितीला मेल करतो. उत्तर आलं की बघू."

समितीचं उत्तर काही येईना. दुपारी एकला मुलगी मागच्या फाटकाबाहेर येऊन थांबली. ही झगा उतरवून अंगणात गेली आणि काचेतून म्हणाली, "आजोबा, मुलगी फाटकापाशी आलीय. परवानगी नाही. इंजेक्शन दिलं की दुखायचं थांबेल, पण झोप लागेल. देऊ का?"

त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. "थांबतो," ते म्हणाले.

ती दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन तेच विचारत होती आणि ते तेच सांगत होते. दोनच्या सुमाराला त्यांनी उशीचा कोपरा दातांत धरला. भरलेली सुई ताटलीत तयार होती आणि तिला ती देता येत नव्हती. एवढा संताप तिला जन्मात आला नव्हता. तीन वाजता व्यवस्थापकांनी समितीचं उत्तर वाचून दाखवलं. विषय पुढच्या बैठकीत ठेवण्यात येईल.

साडेतीनला मागचं फाटक रोजच्यासारखं उघडलं, आश्रमाचा कचरा न्यायला गाडी आली म्हणून. कचऱ्याच्या गाडीला परवानगी लागत नव्हती. फौजदारीण फाटकापाशी गेली आणि मुलीला म्हणाली, "गाडीमागून या."

"साहेबांनी सांगितलंय..." पहारेकरी म्हणाला.

"साहेबांना सांग, मी आणली."

मुलगी खिडकीशी आली, मास्क काढला आणि बोलू लागली. आवाज न काढता, नुसते ओठ हलवत, लहानपणी शेडमध्ये बापाला डबा द्यायला जायची तेव्हा शिकलेलं बोलणं. फौजदारीण आत खाटेजवळ उभी होती. तिला फक्त आजोबांची बाजू ऐकू आली.

"अगं, किती वाळलीस."

"नाही गं, राग कसला. मला वाटलं, तूच गेलीस."

"कळलं मला, रोज फोन करायचीस. हिने सांगितलं. तोंडाने फटकळ आहे, पण बाई बरी आहे."

मग ते तिचे ओठ वाचत राहिले. शेवटी मान न वळवता त्यांनी हात सिस्टरपुढे केला आणि म्हणाले, "दे आता."

तिने इंजेक्शन दिलं. मुलगी बोलत राहिली, त्यांचे डोळे मिटेपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ. मग फौजदारीण बाहेर गेली.

"वीस दिवस तुम्ही सांगत होतात, ते ओळखत नाहीत," मुलगी म्हणाली.

"मी सांगत होते," ती म्हणाली. "चूक माझी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. व्यवस्थापक फाइल घेऊन आले. तिने शेवटच्या नोंदीत लिहिलं होतं, 'पूर्ण शुद्धीत. मुलीशी अकरा मिनिटं बोलले.'

"हे असं नको, सिस्टर," ते म्हणाले. "मागच्या वीस नोंदी खोट्या दिसतील."

"खोट्याच आहेत. अक्षर माझंच आहे." तिने पेन उचललं आणि त्या वीसही ओळींवर काट मारून शेजारी सही केली. व्यवस्थापक फाइल तिथेच सोडून निघून गेले.

तिने पुढच्या खाटेची फाइल ओढली. सातव्या खाटेवरच्या आजी, पंधरा दिवस गप्प. कालची नोंद तिच्याच अक्षरात होती, 'प्रतिसाद नाही.'