थांबलेला निळा चंद्र

प्रकाशनाच्या कचेरीत त्यांना सगळे ज्योतिषी म्हणत. त्यांनी आयुष्यात कुणाची पत्रिका पाहिली नव्हती. ते प्रुफं तपासत. पण दोन चंद्रांच्या त्या गाजलेल्या कादंबरीमालेचा पहिला भाग टेबलावर आला, पांढरा चंद्र तीस दिवसांनी आणि निळा वीस दिवसांनी पूर्ण गोल होतो असं वाचलं, आणि या गृहस्थांनी एक जाडजूड वही आणली. गोष्टीतल्या एकेका दिवसाला एकेक ओळ. कोणता चंद्र केवढा, ग्रहण कधी, धूमकेतू कुठे. कुणी सांगितलं नव्हतं. काही माणसांना स्वस्थ बसवत नाही, त्याला इलाज नाही.

"घरात दूध उतू गेलेलं दिसत नाही," बायको म्हणायची, "पण तिकडचा चंद्र जरा चुकला की यांना बरोबर कळतं."

लेखिकाबाई दूरच्या गावी राहत. सतरा वर्षांत दोघांची एकदाही भेट नव्हती. ओळख काय ती समासातली. हे पेन्सिलीने लिहीत, 'निळा चंद्र आज एवढा मोठा दिसेल का? कृपया पाहावे.' बाई खाली उत्तर देत. कधी 'नाही, आभार', तर कधी 'दिसेल. तुम्ही आता जेवून घ्या.' ज्योतिषींचा नियम एकच होता: विचारल्याशिवाय मजकुराला हात लावायचा नाही.

सातही भाग पुरे झाले, तेव्हा एकत्र संच काढायचं ठरलं. मालक म्हणाले, शेवटी तुमच्या वहीवरून आकाशाचा तक्ता देऊ आणि खाली तुमचं नाव टाकू. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं तपासणारा माणूस तो, हरखून गेला. घरी जाऊन बायकोला ही बातमी त्यांनी दोनदा सांगितली. मग तक्त्यासाठी पहिल्या पानापासून दिवस पुन्हा मोजायला बसले आणि दुसऱ्या भागात अडकले.

तिथे मीठ विकणारी मुलगी तापाने गुहेत पडून राहते. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, दोन दिवस. वहीत ओळ एकच होती.

त्यांनी पुन्हा मोजलं. ओळ काही वाढली नाही. मग पुढचं सगळं आठवलं. त्याच भागात पुढे शहराला वेढा पडतो. वेढ्याच्या दहाव्या रात्री निळा चंद्र पूर्ण झाला, असं बाईंनी लिहिलं होतं. वहीप्रमाणे तो अकराव्या रात्री हवा होता. छापखाना खोळंबलेला, बाईंना विचारायला सवड नाही. ज्योतिषीबुवांनी जन्मात एकदाच न विचारता दहाचं अकरा केलं. तसंच छापून आलं. म्हणजे बाईंचं आकाश बरोबर होतं, ते बिघडवलं यांनी.

आणि तिसऱ्या भागातली ती होडीवाली म्हातारी? 'वेढ्याच्या वेळी निळा चंद्र एक दिवस थांबला होता,' ती सांगते, 'कुणीतरी वाटेत मागे राहिलं होतं म्हणून.' या वाक्यावर वाचक जीव टाकत. चंद्र कुणासाठी थांबला यावरून कचेरीत पत्रं येत, घराघरांत वाद होत. ज्योतिषींच्या बायकोचं ठाम मत होतं, त्या मीठवाल्या मुलीच्या आईसाठी. खुद्द ज्योतिषींनी तेव्हा वहीत शेरा मारला होता: 'पात्रांच्या गप्पा. मोजणीत धरू नये.'

आता त्यांना घाम फुटला. खरं सांगावं, तर नाव जाणार, आणि लोकांच्या लाडक्या चंद्रामागून एका प्रुफवाल्याची गफलत बाहेर येणार. गप्प बसावं, तर खोट्या तक्त्याखाली आपलं नाव. दोन दिवस ते नुसती वही उघडत-मिटत राहिले. तिसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून ते बसने बाईंच्या गावी गेले.

बाई त्यांना वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच बुटक्या निघाल्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ज्योतिषींनी उभ्याउभ्याच घडाघडा सगळं सांगून टाकलं आणि तक्त्यावरून माझं नाव काढा म्हणाले.

"पुस्तक हातात आलं त्याच दिवशी मला कळलं होतं," बाई म्हणाल्या. "इतकी चिडले होते, मालकांना फोन लावायला उठले."

"मग लावला का नाहीत?"

"तुमची नोकरी गेली असती. आणि माझ्या आकाशात रोज फेरी मारणारं दुसरं होतं तरी कोण? म्हटलं, माणूस घालवण्यापेक्षा चंद्र एक दिवस थांबवू."

त्यांनी वही ओढून घेतली, गुहेतल्या दिवसाची राहिलेली ओळ वाढवली आणि तो 'गप्पा'वाला शेरा खोडला. मग तक्त्याच्या कच्च्या प्रतीवर, नावाशेजारी, ज्योतिषींचीच पेन्सिल घेऊन लिहिलं: 'आहे तसे ठेवावे.'

ज्योतिषींचे डोळे भरून आले. निघताना, बूट घालता घालता, त्यांनी चाचरत विचारलं, "बायको विचारेल म्हणून... तो चंद्र नक्की कुणासाठी थांबला होता?"

"तुमच्यासाठी," बाई म्हणाल्या. "एक दिवस मागे राहिला होतात ना."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. आपली बाजू हरली म्हणून ती जरा हिरमुसली. मग ताटं वाढता वाढता म्हणाली, "बरं झालं. तुमच्यासाठी जेवायचं थांबून थांबून मला सवय झालीय. त्या बिचाऱ्या चंद्राला एकच दिवस थांबावं लागलं."